बाळाच्या कार्डावरील ते पान कोरे राहू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवाच्या दिवसांत आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्याविषयी भरभरून लिहून येते, याचा मला मनापासून आनंद आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत हा महोत्सव पहिल्यांदा भरला तेव्हा मी तो पाहायला गेले होते, आणि व्हीलचेअरवरून मोकळेपणाने हिंडणारी तरुण मुले-मुली पाहून, एवढी वर्षे शाळेत शिकवूनही आपण या लेकरांसाठी किती थोडे केले, हा विचार परतीच्या बसमध्ये मनातून जात नव्हता. मात्र आज ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ती मुले अशा महोत्सवात दिसत नाहीत. ती अजून आईच्या कडेवर आहेत. त्यांच्याजवळ कोणताही दाखला नाही, त्यांना कुणी दिव्यांग म्हटलेले नाही आणि कदाचित पुढेही म्हणावे लागणार नाही. वयाच्या मानाने त्यांचे बसणे, चालणे, बोलणे किंवा माणसांत रमणे मागे पडते आहे, एवढेच घरच्यांना अंधूकसे जाणवते, आणि या जाणिवेपासून प्रत्यक्ष मदत मिळेपर्यंत जो काळ जातो तोच त्या मुलाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा काळ असतो. तो काळ आपल्या गोव्यात कसा वाया जातो, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

मी सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांतून शिकवून निवृत्त झाले. आमचा नातू वर्षाचा झाला तेव्हा चांगला गुटगुटीत होता, दात वेळेवर आले होते, पाऊलही वेळेवर टाकले होते. फक्त हाक मारली की तो वळून पाहत नसे. स्वयंपाकघरात भांडे पडले तर दचकायचा, दारात मोटारसायकल थांबली की धावत यायचा, त्यामुळे त्याला ऐकू येते अशी आमची खात्री होती. पण नावाने हाक मारावी तर जणू ते नाव दुसऱ्याच कुणाचे. दीड वर्षाचा झाला तरी त्याने बोट दाखवून कधी काही मागितले नाही. बिस्किट हवे असले की तो माझे मनगट धरून मला कपाटापाशी ओढत नेई आणि माझाच हात उचलून कडीवर ठेवी, माझ्या तोंडाकडे मात्र एकदाही पाहत नसे. आम्हांला त्याचे कौतुक वाटे. किती हुशार आहे बघा, म्हणून आम्ही हा प्रकार आल्यागेल्याला सांगत होतो.

शंका आली ती माझ्या सुनेला, आणि ती तिने बोलून दाखवली तेव्हा घरात प्रत्येकाकडे उत्तर तयार होते. त्याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, असे नणंदेने सांगितले. कुणी दृष्ट काढली, कुणी देवळात प्रसाद लावून आले, कुणी सगळा दोष मोबाईलवर आणि पर्यायाने आईवर टाकून मोकळे झाले. ज्या डॉक्टरांकडे आम्ही त्याला नेले त्यांनीही, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षे पूर्ण होऊ द्या, मग पाहू, असे सांगितले, आणि खरे सांगायचे तर ते ऐकून आम्हांला हायसे वाटले. शेकडो मुलांना अक्षरओळख करून देणारी मीसुद्धा सुनेला थांब म्हणाले. त्या थांबण्यात सव्वा वर्ष गेले. दोन वर्षे दहा महिने वय असताना दुसऱ्या ठिकाणी तपासणी झाली, स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणे आहेत असे सांगण्यात आले आणि पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : इतके दिवस का थांबलात?

त्या रात्री मी त्याचे माता व बाल संरक्षण कार्ड पुन्हा काढून पाहिले. प्रत्येक लशीपुढे तारीख आणि सही होती. वजनाच्या आलेखावर निळ्या शाईचे ठिपके एकापुढे एक व्यवस्थित मांडलेले होते. आणि त्याच कार्डात, बाळ कोणत्या महिन्यात हसते, मान धरते, बसते, हाकेला प्रतिसाद देते, हे चित्रांसह दाखवलेले विकासाचे पान होते. ते पूर्ण कोरे होते. त्यावर ना आम्ही खूण केली होती, ना लस टोचणाऱ्या ताईंनी, ना डॉक्टरांनी. हे कार्ड आमच्या घरात अडीच वर्षांहून अधिक काळ होते, पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या शेजारी, आणि त्याला काय झाले आहे याचे पहिले उत्तर त्यातच छापलेले होते.

हा एका घराचा दुर्दैवी अपवाद असता तर मी वृत्तपत्राची जागा अडवली नसती. २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात भारतातील दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यासाठी कांगडा, पलवल, ढेंकानाल आणि हैदराबाद यांच्याबरोबर निवडलेले पाचवे ठिकाण आपले उत्तर गोवा होते. एकूण ३,९६४ मुलांची तपासणी झाली, आणि दृष्टी, श्रवण, वाचा, बुद्धी, हालचाल, फेफरे, स्वमग्नता अशांपैकी मेंदूच्या विकासाशी संबंधित किमान एक अडचण दोन ते सहा वर्षांच्या गटात सुमारे ९.२ टक्के मुलांत, तर लक्ष न लागणे आणि अध्ययनातील अडचणी धरून सहा ते नऊ वर्षांच्या गटात सुमारे १३.६ टक्के मुलांत असावी, असा अंदाज काढण्यात आला. ठिकाणागणिक हे प्रमाण बरेच कमीजास्त होते, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. तीस मुलांच्या अंगणवाडीत अशी दोन-तीन मुले बसलेली असणार, आणि त्यांतली बहुतेक ‘लाजरी’, ‘हट्टी’ किंवा ‘थोडी मंद’ म्हणून कोपऱ्यात बसलेली असणार. मी स्वतः माझ्या वर्गात अशी मुले कोपऱ्यात बसलेली पाहिली आहेत, आणि त्यांना काय होत होते हे मला आता, निवृत्तीनंतर, कळते आहे.

लवकर मदत मिळण्याचा एवढा आग्रह का, हे घरोघरी नीट समजून घेण्याची गरज आहे. मेंदूची जडणघडण पहिल्या तीन वर्षांत जितक्या वेगाने होते तितक्या वेगाने ती पुन्हा कधीच होत नाही. त्या काळात बाळ जे पाहते, ऐकते, हाताळते आणि समोरचे माणूस त्याला जो प्रतिसाद देते, त्यातून मेंदूतले मार्ग पक्के होत जातात. आमच्याकडचा शेतकरी तरवा लावायची वेळ टळू देत नाही, कारण नंतर कितीही खत घातले तरी ते पीक हातचे जाते हे त्याला माहीत असते. श्रवणाच्या बाबतीत तर जगभरच्या तज्ज्ञांनी सरळ वेळापत्रकच घालून दिले आहे : पहिल्या महिन्यात कानांची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्रासह उपचारांना सुरुवात. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच गोळी सुरू केली तर त्याची बुद्धी वाचते. काही महिने उशीर झाला तर झालेले नुकसान पूर्णपणे भरून निघत नाही. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन अशी तपासणी करण्याचा राज्यव्यापी कार्यक्रम गोव्याने २००८ मध्येच हाती घेतला होता, आणि तेव्हा देशात अशी तपासणी फारशी कुठे होत नव्हती. म्हणजे लवकर पाहण्याचे महत्त्व आपल्या राज्याला कळत नाही असे कुणी म्हणू शकणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करते. लवकर थेरपी सुरू केली म्हणजे स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) नाहीशी होते, असा माझा दावा नाही, आणि तसे सांगून पालकांकडून पैसे उकळणाऱ्यांपासून सर्वांनी सावध राहावे. लवकर मदत मिळाली तर मूल आपल्या गतीने पुढे जाते, आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवायला शिकते, आखडणारे स्नायू आणखी आखडत नाहीत, घरातली आदळआपट कमी होते आणि आईला रात्रीची झोप मिळते. हे थोडे नाही. आणि समजा एखादे मूल केवळ उशिरा बोलणारेच निघाले, तर त्याच्याशी चार महिने जास्त खेळल्याने आणि बोलल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. थांबण्याची किंमत मात्र मूल मोजते.

आता कायदा आणि योजना काय सांगतात ते पाहू, कारण कागदावर तर जवळजवळ सर्व काही आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २५ मध्ये, धोका संभवणारी मुले ओळखण्यासाठी सर्व बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी, असे म्हटले आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात आरोग्य पथकाने प्रत्येक अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट द्यायची असते, आणि शोधायच्या चार गटांपैकी एक गट स्पष्टपणे विकासातील विलंबाचा आहे. अशी मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची, आणि तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच छताखाली असावेत, अशी कल्पना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही जाहीर केली. मुलाची लक्षणे ओळखणे, त्याला अंगणवाडीतल्या खेळांत सामावून घेणे आणि आशा, परिचारिका किंवा आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणे, असे तिचे टप्पे आहेत.

पण या साखळीतल्या दोन कड्या आपल्याकडे कच्च्या आहेत. इतर राज्यांप्रमाणे आशा कार्यकर्त्यांची फळी गोव्यात उभी राहिली नाही. इतरत्र तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या बाळाच्या घरी आशाताईने जाऊन त्याची वाढ पाहायची असते. आपल्याकडे तो भार उपकेंद्राच्या परिचारिकेवर येतो, आणि तिच्याकडे आधीच लसीकरण, गरोदर महिलांची नोंद, डेंग्यू-मलेरियाचे सर्वेक्षण आणि रजिस्टरांचा ढीग असतो. तिला दोष द्यावासा मला वाटत नाही. दुसरी गोष्ट अंगणवाडीची. अंगणवाडीत मूल नियमित येऊ लागते ते तीन वर्षांचे झाल्यावर. त्याआधी ते पोषण आहारापुरते आणि वजनापुरते येते. वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकाच्या दिवशी नेमके तेच मूल घरी राहिले की सहा महिने गेले. जे मूल गोंगाटाला घाबरते, रडते, कपडे फाडते, ते घरीच राहते, म्हणजे ज्याची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी तेच नेमके सुटते. आणि बांधकामावर काम करणाऱ्या, भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांची मुले तर कुठल्याच यादीत धडपणे नसतात. काम संपले की ते कुटुंब दुसऱ्या तालुक्यात निघून जाते आणि मुलाचा कागद जुन्या गावात राहतो.

माझी पहिली मागणी म्हणूनच अगदी साधी आहे. गोव्यातले पालक लस चुकवत नाहीत. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची पहिली लस असते आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. योगायोग असा की, हाकेला वळून पाहणे, आधाराशिवाय बसणे, ‘बा-बा’, ‘दा-दा’ असे आवाज काढणे या गोष्टी नऊ महिन्यांच्या सुमारास पाहायच्या असतात, आणि बोटाने दाखवणे, चालणे, सांगितलेले कळणे, अर्थपूर्ण शब्द बोलणे या गोष्टी दीड-दोन वर्षांच्या सुमारास. स्वमग्नतेची जगभर वापरली जाणारी प्राथमिक प्रश्नावलीही सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीच आहे, आणि पहिल्या दोन वर्षांतल्या विकासाची झटपट चाचणी करणारा सतरा कलमांचा तक्ता तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने कित्येक वर्षांपूर्वी तयार करून ठेवला आहे. मूल त्या दिवशी टेबलासमोर आलेलेच असते. लस टोचल्यावर अर्धा तास थांबा, असे आपण आईला सांगतोच. त्या अर्ध्या तासात तिला पाच-सात प्रश्न विचारून कार्डावरचे ते पान भरले जावे, आणि ते पान भरल्याशिवाय लशीची नोंद पूर्ण झाली असे समजू नये. आई जे सांगते ते लिहून घ्यावे. माझ्या सुनेला चौदाव्या महिन्यात जे दिसले होते ते कुणी लिहून घेतले असते, तर पुढच्या कुणालाही ते इतक्या सहज झटकता आले नसते.

पण नुसते शोधून काय करणार? शोधलेल्या मुलाला पाठवायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. पर्वरीचे संजय केंद्र, संगत आणि सेतू यांसारख्या संस्थांनी या क्षेत्रात घालून दिलेला पाया मोठा आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु राज्याचा नकाशा समोर ठेवला तर बहुतेक तज्ज्ञ मांडवी-जुवारीच्या आसपास, पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव या पट्ट्यात सापडतात. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा येथल्या आईने काय करावे? आमच्या सुनेने काय केले ते सांगते. दर पंधरा दिवसांनी ती सकाळी साडेसहाची बस पकडत असे. पणजीला उतरून दुसरी बस, मग दहा मिनिटांची चाल. गर्दी आणि हॉर्न सहन न होऊन मूल वाटेत दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळायचे, आणि बसमधल्या बायका तिला, पोराला शिस्त लावा, असे सांगायच्या. प्रत्यक्ष थेरपीची वेळ चाळीस मिनिटे. त्यातली पंधरा मिनिटे मूल शांत होण्यात जायची. घरी परतायला दुपारचे तीन वाजायचे. चार महिन्यांत तिने औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडली. महिन्याला ऐंशी मिनिटांच्या थेरपीसाठी एका घराचा निम्मा पगार गेला, हा हिशेब कोणत्याही सरकारी तक्त्यात येत नाही.

आणि तरीही त्या चाळीस मिनिटांत तिने जे शिकून घेतले त्याने आमच्या घरात फरक पडला. ते थोडे सविस्तर सांगते, कारण माझ्या पुढच्या मागणीचा आधार तोच आहे. थेरपिस्ट ताईंनी तिला महागडी खेळणी आणायला सांगितली नाहीत. घट्ट झाकणाची एक पारदर्शक बरणी घ्या आणि त्यात मुलाला आवडणारा खाऊ ठेवा, असे सांगितले. आमच्याकडे जत्रेतून आणलेले खाजे होते, ते ठेवले. पूर्वी त्याने हात ओढला की आम्ही लगेच खाऊ काढून देत होतो. आता बरणी आईने आपल्या चेहऱ्याजवळ धरायची, त्याच्यासमोर जमिनीवर बसायचे, ‘उघडू?’ असे एकदाच विचारायचे आणि मनातल्या मनात दहा अंक मोजत गप्प राहायचे. हे गप्प राहणेच आम्हांला सर्वांत कठीण गेले. पहिल्या दिवशी तो रडला, त्याने बरणी आपटली. सहाव्या की सातव्या दिवशी त्याने झाकणावरची बोटे सैल सोडली, आईच्या डोळ्यांत क्षणभर पाहिले आणि पुन्हा बरणीकडे पाहिले. त्या क्षणी तिने ‘उघड’ म्हणत बरणी उघडली. तीन आठवड्यांनी तो पाहता पाहता ‘उ’ म्हणाला. मी दारात उभी होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत मुलांच्या तोंडून मी हजारो अक्षरे काढून घेतली असतील, पण तो ‘उ’ मी कधीही विसरणार नाही.

हे करायला सुनेला पदवी लागली नाही. तिला कुणीतरी करून दाखवावे, ती करत असताना शेजारी बसून पाहावे आणि चुकले तिथे थांबवावे, एवढेच लागले. आणि हे केवळ माझे मत नाही. त्याचा पुरावा गोव्यातच तयार झाला आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या संगत संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीतील सहकाऱ्यांबरोबर दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांचा अभ्यास केला आणि तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअट्री’त प्रसिद्ध झाला. त्यातील वैशिष्ट्य असे की, पालकांना शिकवण्याचे काम डॉक्टर किंवा पदवीधर थेरपिस्ट करत नव्हते, तर मुद्दाम प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते करत होते आणि तज्ज्ञ त्यांच्यावर देखरेख ठेवत होते. पालक मुलाशी खेळतानाची छोटी चित्रफीत घ्यायची, तीच त्यांना दाखवायची आणि मुलाने दिलेला बारीकसा संकेत कुठे होता, तो कुठे हुकला, हे त्यांनाच ओळखू द्यायचे, अशी ती पद्धत. ज्यांना हे मार्गदर्शन मिळाले ते पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि त्यांची मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले, असे दिसून आले. जगभरातले संशोधक ज्या गोव्यातल्या कामाचा दाखला देतात, ते सत्तरीच्या आरोग्य केंद्रात मिळत नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक ठरलेला दिवस या मुलांसाठी राखून ठेवावा. आमच्याकडे बुधवार म्हटले की लसीकरण, हे कुणाला विचारावे लागत नाही. तसेच हेही सर्वांना ठाऊक झाले पाहिजे. त्या दिवशी जिल्ह्याच्या केंद्रातील फिजिओथेरपिस्ट आणि वाचातज्ज्ञ आळीपाळीने तालुक्यात यावेत, आणि उरलेल्या आठवड्यांत स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्तीने पालकांबरोबर काम करावे. एका तज्ज्ञाने पन्नास किलोमीटर यावे, की तीस आयांनी तीस मुले घेऊन पन्नास किलोमीटर जावे, याचे उत्तर इतके उघड आहे की ते अजून का सापडले नाही हे मला कळत नाही.

तिसरे असे की, मदत सुरू करण्यासाठी दाखल्याची अट नसावी. दाखला आवश्यक आहे, त्यावर राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा आर्थिक आधार मिळतो, आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, ज्यात थेरपीचा खर्चही येतो. किती पालकांना हे माहीत आहे? आम्हांला तो कागद भरायचा असतो हेच कुणी सांगितले नव्हते. पण लहान मुलाचे पक्के निदान व्हायला वेळ लागतो, आणि अनेक पालकांची दाखला घेण्याची मनाची तयारी व्हायला त्याहून अधिक वेळ लागतो. आपल्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावापुढे ‘दिव्यांग’ हा शब्द लिहिला जाणे आईला किती जड जाते, हे मी पाहिले आहे. तिला तो वेळ द्यावा, मुलाला मात्र थांबवून ठेवू नये. बसत नसलेल्या मुलाला बसायला शिकवण्यासाठी त्याच्या आजाराचे नाव कळावेच लागते असे नाही. डाउन सिंड्रोमच्या बाळाच्या बाबतीत तर नाव अनेकदा जन्मतःच कळलेले असते, आणि तरीही कित्येक घरांत पहिला व्यायाम सुरू होतो तो बाळ वर्षभरात बसले नाही म्हणून चिंता वाटू लागल्यावर. काचेच्या पेटीतून घरी आलेल्या, वेळेआधी जन्मलेल्या, जन्मताच न रडलेल्या बाळांची यादी इस्पितळांकडे असतेच. त्या यादीतल्या प्रत्येक बाळाला सुट्टी देतानाच पुढच्या तपासणीची तारीख द्यावी आणि ते आले नाही तर फोन करावा.

भाषेविषयीही लिहिणे मला कर्तव्य वाटते. आमच्या घरात कोकणी आणि मराठी अशा दोन्ही भाषा बोलल्या जातात. मुलगा बोलत नाही म्हटल्यावर एकाने आम्हांला सल्ला दिला की घरात फक्त इंग्रजीच बोला, पुढे शाळेतही तीच लागणार आहे, दोन-तीन भाषांनी मूल गोंधळते. आम्ही तसे करूनही पाहिले. सुनेला जेमतेम येणाऱ्या इंग्रजीत ती ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढेच बोलू लागली, गाणी बंद झाली, बडबड बंद झाली, आणि माझे तर मुलाशी बोलणेच खुंटले. दोन भाषा ऐकल्यामुळे मूल स्वमग्न होत नाही किंवा त्याचे बोलणे त्यामुळे लांबत नाही, हे आजवरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. मुलाला लागते ती भरपूर आणि जिव्हाळ्याने बोललेली भाषा, आणि ती आईला ज्या भाषेत सहज सुचते तीच असू शकते. पुढे आम्ही पुन्हा आमच्या बोलीवर आलो, ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ पुन्हा सुरू झाले, आणि ‘भागलास का’पाशी थांबले की तो मान वर करून पुढच्या ओळीची वाट पाहू लागला. प्रश्नावल्या, घरी करायच्या व्यायामांची पत्रके, भिंतीवरचे तक्ते हे सर्व कोकणी आणि मराठीत, आणि परप्रांतीय कुटुंबांसाठी कन्नड व हिंदीतही, सोप्या शब्दांत असलेच पाहिजे. इंग्रजीत छापलेले पत्रक हातात घेऊन, वाचता येत नाही असे न सांगता मान डोलावणाऱ्या आया मी थेरपीच्या ठिकाणी बाकांवर पाहिल्या आहेत.

शाळांबद्दल थोडक्यात लिहिते. तीन वर्षांच्या मुलाला ‘आधी बोलायला येऊ दे, शू सांगायला येऊ दे, मग आणा’ असे सांगून परत पाठवणारी बालवाडी त्याला बोलायला शिकण्याची सर्वांत चांगली जागाच नाकारत असते. त्याच्या वयाच्या मुलांना पाहून ते जितके शिकते तितके त्याला चार भिंतींच्या खोलीत कुणी शिकवू शकत नाही. अंगणवाडी सेविकेला मात्र अशा मुलाला कसे सांभाळावे याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मदतीला एक माणूस मिळाला पाहिजे. चार मुलांचे हात धुवायचे, खिचडी वाढायची आणि पळत सुटणाऱ्या पाचव्यालाही धरायचे, हे तिला एकटीला जमणार नाही.

गोवा लहान राज्य आहे. येथे कोणतेही उपकेंद्र डांबरी रस्त्यापासून फार दूर नाही, येथे आईवडील शिकलेले आहेत, बाळंतपणे इस्पितळात होतात, आणि या विषयात काम केलेली माणसे येथेच राहतात. आरोग्य सेवा संचालनालय, महिला व बालविकास संचालनालय आणि दिव्यांग सक्षमीकरण खाते यांनी एका टेबलावर बसून हे मूल कुणाचे, एवढे ठरवायचे आहे. आज एकाकडे लस आहे, दुसऱ्याकडे अंगणवाडी आणि तिसऱ्याकडे दाखला, आणि मूल तिघांच्या मधल्या व्हरांड्यात बसलेले आहे.

आमचा नातू आता साडेचार वर्षांचा आहे. दोन-दोन शब्द जोडून बोलतो, अंगणवाडीत जातो आणि पाऊस आला की सर्वांच्या आधी धावत येऊन मला ‘आजी, पाऊस’ असे सांगतो, बोट दाखवून सांगतो. ते सव्वा वर्ष हातात असते तर तो आज कुठे असता, या प्रश्नाचे उत्तर मला कधीच मिळणार नाही. पण ज्या आईच्या कडेवरचे मूल आज चौदा महिन्यांचे आहे, तिच्या हाताशी अजून वेळ आहे.

आमच्या वाड्यावरच्या अंगणवाडीची खोली दुपारी एकनंतर रिकामी असते. मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या दोन शिक्षिका, आम्ही तिघी, हे काम शिकायला आणि आठवड्यातली एक दुपार त्या खोलीत पालकांबरोबर बसायला तयार आहोत. आम्हांला मानधन नको. आम्हांला नीट शिकवणारे कुणीतरी आणि चुकले तर सांगणारा एक तज्ज्ञ महिन्यातून एकदा हवा आहे. वरील तीनपैकी कोणत्याही खात्याने हे पत्र वाचून आम्हांला बोलावले, तर सांगतील त्या दिवशी आम्ही हजर राहू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
वाळपई, सत्तरी, गोवा